गाडी उभी कुठे राहणार?

२६ मे २०१७. नागपूरच्या विमानतळावर नव्याकोऱ्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ओला आणि महिंद्रा या कंपन्यांच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. टॅक्सी, बस, ऑटो आणि ई-रिक्षा अशी सगळी वाहने विजेवर, सगळी भाड्याची, सगळी एकाच शहरात. देशात असा प्रयोग तोवर झाला नव्हता. ताफा दोनशे गाड्यांचा ठरला होता आणि त्यांतल्या शंभर गाड्या महिंद्राच्या ‘ई-टू-ओ प्लस’ होत्या. गाड्या आणि चार्जिंग मिळून पन्नास कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक जाहीर झाली. चार्जिंगचे पन्नास पॉइंट शहरात चार ठिकाणी बसवले जाणार होते.

दिवस निवडला होता तोही नागपूरच्या मे महिन्यातला. पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि टॅक्सीत बसलेला प्रवासी सगळ्यात आधी एसी लावायला सांगतो. बॅटरीवरच्या गाडीत एसीही त्याच बॅटरीवर चालतो. त्या काळातल्या या छोट्या गाड्या एका चार्जिंगमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर जायच्या, आणि एसी लावला की त्याहून कमी. दिवसभर धंदा करायचा तर चालकाला मध्येच गाडी चार्जिंगला लावणे भाग होते. तिथे रांग असे. रांगेतला तास म्हणजे बुडालेले भाडे, आणि गाडीचे रोजचे भाडे तर कंपनीला द्यायचेच. वर्ष सरायच्या आतच अनेक चालकांनी विजेची गाडी परत करून डिझेलची धरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एक चार्जिंग केंद्र तर आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे बंद करावे लागले. रांगेतल्या गाड्यांमुळे त्यांचा रस्ता अडत होता.

प्रयोग वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही. ओलाने २०१९ मध्ये नागपूरच्या अनुभवावर अहवाल काढला. त्यात साडेतीन लाखांवर प्रवासी, पंचाहत्तर लाख किलोमीटरहून अधिक धाव आणि पावणेसहा लाख लिटरच्या आसपास वाचलेले इंधन असा हिशेब मांडला होता. गाड्या होत्या, प्रवासी होते, चालकही होते. कमी पडली ती शहरातली जागा. गाडीने थांबावे कुठे, चार्ज कुठे व्हावे, पुढचे भाडे येईपर्यंत उभे कुठे राहावे, याचे उत्तर शहराच्या नकाशात आधी लिहिलेले नव्हते. वाहन सामायिक केल्याने शहर बदलते का, या प्रश्नाचा विचार नागपुरातून सुरू करायचा तर तो इथूनच करावा लागतो.

मोटार चालते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ उभी असते. पार्किंगचे अर्थशास्त्र आयुष्यभर अभ्यासणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांच्या मते खासगी गाडी आपल्या आयुष्यातला जवळपास ९५ टक्के काळ जागेवरच असते. म्हणजे घेताना माणूस प्रवासासाठी घेतो, पण शहराला पदरमोड करावी लागते ती तिच्या उभे राहण्यासाठी. भारतात नगररचनाकार एका मोटारीसाठी उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरतात. यात गाडी वळवायची, आत-बाहेर न्यायची जागाही आली. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. पंतप्रधान आवास योजनेच्या २०१५ च्या निकषांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराचे चटईक्षेत्र होते ३० चौरस मीटरपर्यंत. तळघरातल्या एका मोटारीला लागणारी जागा एका कुटुंबाच्या घरापेक्षा मोठी भरते. आणि तीच मोटार ऑफिसजवळ, बाजारात, मंगल कार्यालयाबाहेर पुन्हा वेगळी जागा मागते.

एकच गाडी अनेकांनी वापरली तर ही मागणी कमी होईल, हा विचार जुना आहे. झुरिकमध्ये १९४८ मध्ये काही लोकांनी ‘सेफागे’ नावाची सहकारी संस्था काढली. कारण साधे होते. युद्ध नुकते संपले होते आणि स्वतःची गाडी घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. पर्यावरणाचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच दोन स्वतंत्र सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि १९९७ मध्ये त्यांच्या विलीनीकरणातून ‘मोबिलिटी’ ही संस्था झाली. आज तिच्या सुमारे तीन हजार गाड्या देशभरातल्या दीड हजाराच्या आसपास ठिकाणी उभ्या असतात, त्यांतल्या पुष्कळशा रेल्वे स्थानकांजवळ. सभासद आगगाडीने येतो, स्थानकाबाहेरची गाडी दोन तासांसाठी घेतो, काम उरकून जागेवर आणून लावतो. सहकाराचा हा नमुना साखर कारखाने, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था चालवणाऱ्या महाराष्ट्राला परका वाटू नये.

पण अधिक शिकण्यासारखे उदाहरण जर्मनीतल्या ब्रेमेनचे आहे. या शहराने सामायिक गाड्यांचा विचार पार्किंगच्या अंगाने केला. २००३ पासून तिथे रस्त्याकडेच्या पार्किंगमधल्या मोजक्या जागा काढून घेऊन त्या फक्त सामायिक गाड्यांसाठी राखल्या जाऊ लागल्या. त्यांना ‘मोबिल पुंक्ट’ असे नाव दिले. जवळच सायकली लावायची सोय, ट्रामचा किंवा बसचा थांबा. जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत याचेच छोटे रूप आले. तिथली अडचण नागपूरच्या महाल-इतवारीत राहणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यामुळे अग्निशमन दलाचा बंब आत जात नसे. कोपऱ्यावरच्या खासगी गाड्या हटवून तिथे दोन-तीन सामायिक गाड्यांची जागा आखली आणि वळण मोकळे राहील अशी रचना केली. २००९ मध्ये पालिकेने आराखडा करून २०२० पर्यंत वीस हजार लोकांनी सामायिक गाडी वापरावी असे उद्दिष्ट ठेवले. २०१० च्या शांघाय जागतिक प्रदर्शनात ब्रेमेनने हे काम जगासमोर मांडले.

या गाड्यांमुळे खासगी गाड्या खरोखर कमी होतात का? बर्कली इथल्या संशोधक सुसान शाहीन आणि एलियट मार्टिन यांनी उत्तर अमेरिकेतल्या सभासदांची मोठी पाहणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार एक सामायिक गाडी नऊ ते तेरा खासगी गाड्यांची जागा घेते. हा आकडा जगभर फिरतो, पण तो जसाच्या तसा उचलून नागपुरात आणून ठेवणे बरोबर नाही. उत्तर अमेरिकेत जवळपास प्रत्येक घरात गाडी आहे, दुसरी-तिसरीही आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत शंभर घरांमागे पाचांहून कमी घरांत मोटार होती आणि एकवीस घरांत दुचाकी. तेव्हापासून संख्या खूप वाढली, तरी आजही बहुसंख्य घरांत मोटार नाही. जिच्याकडे गाडीच नाही, ती व्यक्ती विकणार काय?

म्हणूनच त्याच संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासातला एक तपशील इथे अधिक मोलाचा आहे. ‘कार-टू-गो’ या सेवेच्या पाच शहरांतल्या सभासदांपैकी दोन ते पाच टक्के लोकांनी असलेली गाडी विकली. मात्र सात ते दहा टक्के लोकांनी घ्यायची ठरवलेली गाडी घेतलीच नाही. नागपूरसाठी खरा हिशेब हा दुसराच. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या बाजूला फ्लॅट घेतलेले तरुण जोडपे दोन दुचाकींवर संसार सुरू करते. मूल झाले, आई-वडील राहायला आले, पावसाळ्यात दवाखान्याची एखादी रात्रीची धावपळ झाली, की हप्त्याने मोटार घरात येते. ती महिन्यातून मोजकेच दिवस खरी लागते. पण एकदा दारात उभी राहिली की भाजी आणायलाही तीच निघते. त्या टप्प्यावर, चालत पाच मिनिटांच्या अंतरावर तासाच्या भाड्याने भरवशाची गाडी मिळाली, तर हप्ता काही वर्षे पुढे जातो. शहराच्या दृष्टीने एवढे पुष्कळ आहे.

आता विदर्भाकडे वळू. इथे वाहन वाटून वापरणे ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याचे नाव काळीपिवळी. उमरेड, भंडारा, काटोल, रामटेक, कुठल्याही रस्त्याला लागा, एसटी स्टँडपासून थोड्या अंतरावर ट्रॅक्स किंवा कमांडर जीप उभी दिसते. टपावर कांद्याचे पोते, सायकल, कधी लग्नाचे रुखवत. चालक सुपारी कातरत उभा आणि त्याचा पोऱ्या गावाच्या नावाचा एकसुरी पुकारा करतोय. सुटायची वेळ ठरलेली नाही, सीट भरल्या की गाडी निघते. मधल्या ओळीत चार जण, मागे समोरासमोर बाकांवर सात-आठ, पुढे चालकाच्या शेजारी दोन, आणि चालक स्वतः दाराला चिकटून अर्धा. कुणी फाट्यावर उतरतो, कुणाला थेट तहसीलच्या दारात सोडतात. आजारी माणूस असेल तर चालक गाडी घरापर्यंत वळवतो. पैसे सीटचे द्यायचे, गाडीचे नव्हे.

वाहतूकशास्त्रात ज्याला मागणीनुसार सेवा म्हणतात ती हीच. शहरात तिचे धाकटे भावंड म्हणजे शेअर ऑटो. सीताबर्डीहून, म्हणजे लोकांच्या बर्डीहून, कामठीकडे, हिंगण्याकडे जाणाऱ्या ऑटोंनी कित्येक वर्षे कामगार, विद्यार्थी आणि घरकामाला जाणाऱ्या बायांची ने-आण केली आहे. या सेवेचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत. कोंबलेले प्रवासी, विम्याची आणि सुरक्षेची काळजी, संध्याकाळनंतरचा अनिश्चितपणा. पण एसटीची फेरी दिवसातून दोनदाच असलेल्या गावाला तालुक्याशी जोडून ठेवण्याचे काम तिने केले, ही गोष्ट दोषांच्या यादीत हरवू देता कामा नये.

कायद्याच्या कागदावर मात्र या वाहतुकीला नीटशी जागा नाही. बहुतेकांचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा असतो, म्हणजे अख्खी गाडी एकाच गिऱ्हाइकाला द्यायची. सीटप्रमाणे, टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा हक्क एसटीसारख्या टप्पा वाहतुकीला. एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहनांना थांबायला बंदी. म्हणून काळीपिवळी कायम दोनशे मीटर पलीकडे, एखाद्या पानटपरीच्या आडोशाने उभी असते आणि वर्तमानपत्रात तिचा उल्लेख ‘अवैध प्रवासी वाहतूक’ असा येतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तेव्हा ८ नोव्हेंबर २०२१ ला राज्य सरकारनेच अधिसूचना काढून खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. एरवी हुसकून लावल्या जाणाऱ्या गाड्यांवर त्या महिन्यांत खेड्यापाड्यांची भिस्त होती.

स्वतःच्या गाडीत सहप्रवासी घेऊन खर्च वाटून घेण्याबाबतही राज्याची भूमिका बराच काळ डळमळीत राहिली. केंद्राने २७ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी गाडीला शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन सामायिक फेऱ्यांची वाट मोकळी केली, पण अंतिम निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्राने १९ जानेवारी २०२३ ला अधिसूचना काढून खासगी वाहनांचा असा वापर थांबवला आणि २०२५ मध्ये ॲपवर आधारित कारपूलिंगला तत्त्वतः मंजुरी दिली. रिक्षा-टॅक्सी संघटनांचा विरोध समजण्यासारखा आहे. ज्यांनी परवान्यासाठी पैसे मोजले, बॅज काढला, दरवर्षी गाडी तपासून घेतली, त्यांच्या धंद्यात कसलाही परवाना नसलेली गाडी उतरली तर रोजीरोटीचाच प्रश्न येतो. म्हणूनच फेऱ्यांवरची मर्यादा महत्त्वाची आहे. बुटीबोरीच्या एमआयडीसीत रोज एकट्याने गाडी नेणाऱ्याने तीन सहकाऱ्यांना बरोबर घेतले तर तीन गाड्या रस्त्यावर येत नाहीत. त्याच माणसाने दिवसभर भाडी मारली तर ती टॅक्सीच झाली.

गाडी वाटली की गर्दी आपोआप घटते, असेही नाही. न्यूयॉर्कचे वाहतूकतज्ज्ञ ब्रूस शॅलर यांनी २०१८ मध्ये अमेरिकी शहरांतल्या ॲपटॅक्सींचा हिशेब मांडला. लोकांनी आपली गाडी घरी ठेवल्यामुळे एक मैल वाचला, तर या सेवांनी रस्त्यावर २.६ मैल वाढवले. कारण त्यांचे पुष्कळसे प्रवासी आपली मोटार सोडून आलेले नव्हते. ते बसमधून, मेट्रोतून किंवा पायी जाण्याऐवजी टॅक्सीत बसले होते. शिवाय पुढच्या भाड्याच्या शोधात रिकाम्या फिरणाऱ्या गाड्या वेगळ्याच. पॅरिसची ‘ऑटोलिब’ ही विजेच्या सामायिक गाड्यांची योजना डिसेंबर २०११ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि वाढत्या तोट्यामुळे जुलै २०१८ अखेर बंद पडली. सामायिक गाडी बसला आणि मेट्रोला जोडून आली तर शहराच्या उपयोगी पडते, त्यांच्याशी स्पर्धा करत आली तर रस्ताच तुंबवते.

नागपुरात जोडायला मेट्रो आहे. बर्डी ते खापरी या पहिल्या भागाचे उद्घाटन ७ मार्च २०१९ ला झाले, लोकमान्यनगरची वाट २८ जानेवारी २०२० ला उघडली आणि ऑटोमोटिव्ह चौक व प्रजापतीनगरपर्यंतचे उरलेले भाग ११ डिसेंबर २०२२ ला. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन्ही मार्गिका बर्डीला एकमेकींना छेदतात. गाडी थंडगार, स्वच्छ आणि वेळेवर. अडचण स्थानकाच्या जिन्याखाली सुरू होते. खापरीला उतरलेल्या माणसाला मिहान या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत किंवा एम्स रुग्णालयाच्या दारात जायचे तर पुढे काही किलोमीटर उरतात, रस्ते रुंद आणि सावली नावालाही नाही. मे महिन्यातल्या दुपारी दोनला हे अंतर पायी कापा असे कुणाला सांगणे हा क्रूरपणा होईल. एम्समध्ये येणारा रुग्ण गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून आलेला असतो, त्याच्या हातात पिशव्या आणि जुन्या तपासण्यांची फाईल. त्याच्यासाठी स्थानकाबाहेर उभी असलेली, दर लिहिलेली, सीटप्रमाणे पैसे घेणारी गाडी ही चैन नाही. ती नसेल तर मेट्रो त्याच्या उपयोगाचीच राहत नाही.

इथे कोणत्या प्रकारची सामायिक गाडी, हाही प्रश्न आहे. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला वाहन परवाना लागतो, स्मार्टफोन लागतो, खात्यात अनामत भरण्याइतके पैसे लागतात. म्हातारी माणसे, गाडी न शिकलेल्या बायका, अंध आणि अपंग व्यक्ती, कमी पगाराचा कामगार, म्हणजे ज्यांना वाहनाची सगळ्यात जास्त गरज तेच त्यातून वगळले जातात. सीटवर चालणारी गाडी त्यांना घेते. बेसाच्या जोडप्याला पहिली हवी, एम्सच्या रुग्णाला दुसरी. दोघांना एकच योजना लागू करायला गेले की एकाची सोय होते आणि दुसरा उन्हात उभा राहतो.

मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात नागपुरात चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण राज्याने आखले. हेतू असा, की स्थानकाजवळ जास्त लोक राहावेत म्हणजे ते मेट्रोने फिरतील. पण पार्किंगची सक्ती फ्लॅटच्या आकारानुसार ठरते. वर्धा रोडवर चाळीस फ्लॅटची इमारत उभी राहिली आणि प्रत्येक फ्लॅटमागे एक मोटार धरली, तर तीस चौरस मीटरच्या हिशेबाने बाराशे चौरस मीटर जागा नुसत्या गाड्यांना जाते. तिचा खर्च प्रत्येक फ्लॅटच्या किमतीत चढतो, ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याही. शिवाय बांधलेली पार्किंग रिकामी पाहून माणूस गाडी घेतो. ब्रेमेनमध्ये बिल्डरने रहिवाशांसाठी सामायिक गाड्यांची सोय केली तर पार्किंगच्या संख्येत सूट मिळू शकते. तशी सूट इथे स्थानकालगतच्या इमारतींना दिली, फाटकाजवळच्या चार जागा चार्जिंगसह सामायिक गाड्यांसाठी राखल्या आणि त्यांची जबाबदारी सोसायटीच्या उपविधीत लिहिली, तर वाचलेल्या जागेत घरे होतील किंवा झाडे राहतील. २०१७ च्या त्या प्रयोगात रहिवाशांना चार्जिंगची रांग नको झाली, कारण ती परक्यांच्या गाड्यांची होती आणि त्यांच्या दारात होती. ते केंद्र त्यांच्या स्वतःच्या वापराचे असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानके, सुमारे ६,७०८ कोटी रुपये. मार्गिका कन्हान, बुटीबोरी, कापसी आणि हिंगण्याकडे जातील. हेच ते रस्ते, ज्यांवर शेअर ऑटो आणि काळीपिवळ्या वर्षानुवर्षे सीट भरत आल्या आहेत. त्यांच्या चालकांना ठाऊक आहे की सकाळच्या पाळीला कुठल्या फाट्यावर किती जण उभे असतात, बाजाराच्या दिवशी कुठून किती ओझे येते, कुठल्या गावचा रस्ता पावसात तुटतो. मेट्रो आली की त्यांचा बर्डीपर्यंतचा लांबचा धंदा जाईल, पण स्थानकापासून आतल्या गावांपर्यंतचा वाढेल, अट एवढीच की स्थानकाच्या आराखड्यात त्यांच्यासाठी सावलीचा थांबा, सीटप्रमाणे भाडे घेण्याचा परवाना आणि चार्जिंगची जागा आतापासूनच धरलेली असावी. खांब उभे राहून जमिनीचे भाव चढल्यावर तेवढी जागा मागायला गेले तर ती पुन्हा दोनशे मीटर पलीकडेच मिळेल.